बावीस आट्यांचा स्क्रू

आपल्या करंगळीची वरची दोन पेरं डोळ्यांसमोर आणा. साधारण तेवढ्या लांबीचा, पेन्सिलीहून किंचित बारीक असा एक लोखंडी स्क्रू. या स्क्रूच्या शोधात माझे २०२० सालातले दहा महिने गेले. त्यातले काही महिने टाळेबंदीनं खाल्ले हे खरं. पण टाळेबंदी नसती तरी तो स्क्रू मला हार्डवेअरच्या दुकानात मिळाला नसता, हे आता मी खात्रीनं सांगू शकतो.

झालं असं. सदतीस वर्षं बँकेत काढून मी नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झालो. बँकेतून सुटलेला माणूस आधी स्वतःच्या घरातली कपाटं लावतो आणि ती संपली की दुसऱ्यांच्या घरातली. संक्रांतीपर्यंत माझं घर लावून झालं होतं, बायकोच्या संयमाचाही शेवट जवळ आला होता. अशात आजऱ्याहून मामांचा फोन आला.

"बंदुकांचा कायतरी नवा कायदा निघालाय म्हणं. कागुद वाचून सांगायला कोन न्हाई. येऊन जा दोन दिस."

मी पुढच्या एस.टी.नं निघालो.

मामा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. आजरा तालुक्यात डोंगराच्या कुशीला त्यांचं घर. थोडा ऊस, थोडं घनसाळ भात, काजूची झाडं. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात. अलीकडच्या वर्षांत गवे आणि हत्तीही येऊ लागले आहेत. या घरात बंदुका तीन. एक पणजोबांच्या वेळची ठासणीची, जी दसऱ्याला पाटावर ठेवून पूजली जाते. दुसरी दोन नळ्यांची बारा बोअर, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, जी आजही बार काढून डुकरं हाकलायच्या कामी येते. आणि तिसरी रायफल. ही आजोबांनी १९३८ च्या सुमारास बेळगावातून घेतली होती. तिची पावती वाळवीनं खाल्ली. रायफलीला मात्र काही झालं नव्हतं.

कायदा मी वाचला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली होती. आधी एका माणसाला तीन बंदुका बाळगता येत होत्या, त्या आता दोन झाल्या. वारसाहक्कानं आलेल्याही त्या दोनांतच धरायच्या. ज्याच्याकडे तीन आहेत त्यानं कुठल्याही दोन ठेवाव्यात आणि तिसरी वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. मुदत १३ डिसेंबर २०२० पर्यंत.

मला वाटलं होतं, कुठली द्यायची यावर घरात दोन दिवस खल चालेल. मामांनी पाच मिनिटांत निकाल दिला. ठासणीची देवाची, बारा बोअर शेताची. रायफल कुणाचीच नाही. "ती जाऊ दे," ते म्हणाले. मग तंबाखूची चिमूट दाढेला धरून थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पर अशी न्हाई द्यायची. पुसून, तेल घालून द्यायची. मागून आणल्यालं पातेलं बी लोकं घासून परत देत्यात."

हे पुसायचं काम मी अंगावर घेतलं. तिथंच घोटाळा झाला.

बंदुकीशी माझा संबंध तसा अगदीच नव्हता असं नाही. ग्रामीण शाखेत असताना आमच्या रखवालदाराकडे बँकेची बारा बोअर असे आणि शाखेचा कार्यभार घेताना रोकड, सोनेतारणाची पाकिटं आणि काडतुसं अशा तिन्ही गोष्टी मोजून घ्याव्या लागत. एकदा एक काडतूस कमी भरलं. दोन तास शोधाशोध झाली आणि शेवटी ते टाचण्यांच्या खोक्यात सापडलं. माझं बंदुकीचं ज्ञान एवढंच. मोजता येत होतं, उघडता येत नव्हतं.

रायफल जर्मन. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावच्या माउझर कारखान्याची. पाउल माउझरनं जी बोल्टची रचना पक्की केली आणि जर्मन सैन्यानं १८९८ मध्ये स्वीकारली, तिच्यावर पुढं जगभर शिकारी रायफली बनल्या. लंडनचे नामांकित बंदूककारही आपल्या रायफलींसाठी माउझरचीच यंत्रणा वापरत. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये जी रिग्बी रायफल भेट मिळाली, तिचीही यंत्रणा माउझरची. आजोबांची रायफल एवढी भाग्यवान नव्हती, पण घराणं तेच.

आता या घराण्याची अंगरचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. रायफलीचे मुख्य भाग दोन: लोखंड आणि लाकूड. नळी आणि बोल्टचं घर हे लोखंड. त्याला इंग्रजीत ॲक्शन म्हणतात. खांद्याला लागतो तो दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. ॲक्शन दस्त्यातल्या खाचेत बसते आणि खालून, चापाच्या कडीच्या पुढून आणि मागून, दोन स्क्रू वर जाऊन तिला लाकडाशी जखडतात. पुढचा एक, मागचा एक. एवढ्या मोठ्या हत्याराची सगळी बांधणी या दोन स्क्रूंवर. बार उडाला की लोखंड मागं धक्का देतं. स्क्रू ढिला असेल तर लोखंड खाचेत हलतं, नेम आज एकीकडे आणि उद्या दुसरीकडे जातो आणि काही वर्षांत दस्ता मागून चिरतो.

मी पडवीत घोंगडं अंथरून रायफल ठेवली. मामांनी ती रिकामी असल्याची आधी तीनदा खात्री करून दिली. माझ्या हातात घरातला पेचकस, ज्यानं मिक्सरपासून मोटरच्या स्टार्टरपर्यंत सगळं उघडलं जातं. पुढचा स्क्रू हलेना. ऐंशी वर्षांचा गंज असणार म्हणून मी रॉकेलचे थेंब सोडले, तासभर थांबलो आणि मग पेचकसाला पकड लावून जोर केला. कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं, सुटला.

सुटला नव्हता. त्या मोठ्या स्क्रूच्या डोक्याला लागून तांदळाच्या दाण्याएवढा एक छोटा स्क्रू होता, काजळी आणि तेलानं झाकलेला. माउझरनं तो मुद्दाम ठेवलेला असतो. मोठा स्क्रू धक्क्यांनी आपोआप फिरू नये म्हणून छोटा त्याच्या डोक्याच्या कडेतल्या खाचेत बसून त्याला अडवतो. आधी छोटा काढायचा, मग मोठा. मी दाराला कडी असताना दार ढकललं होतं. मोठ्याच्या डोक्याचा एक टवका उडाला, खाच फाटली आणि नंतर पकडीनं ओढून काढताना उरलेले आटेही चेपले.

मामा शेजारीच बसले होते. त्यांनी तो स्क्रू तळहातावर घेऊन पाहिला.

"माझ्या बानं बी कवा सोडला नव्हता त्यो," एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडं गेले.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. रात्री जेवताना मामेभाऊ म्हणाला, "आरं, जमाच करायची हाय न्हवं? घाल एक बोल्ट आन् दे. ठाण्यात कोन बगतंय?" मामांनी ताटावरून मान वर केली नाही. मामी मात्र हळूच म्हणाली, "मोडकी नेऊन देनार न्हाईत ते. वळखत न्हाईस व्हय तू?"

दुसऱ्या दिवशी तो फाटका स्क्रू आणि मोजमापासाठी मागचा शाबूत स्क्रू असे दोन्ही कागदात गुंडाळून मी कोल्हापूरला आलो. मागचा लांबीनं वेगळा, पण आटे दोन्हींचे सारखेच.

शाहूपुरीत मशिनरीच्या दुकानांत स्क्रू-बोल्टांचे डोंगर असतात. पहिल्या दुकानदारानं पाहताक्षणी 'एम सिक्स' म्हणून सहा मिलिमीटरचा बोल्ट काढून दिला. तो बारीक निघाला. दुसऱ्यानं 'पाव इंची' दिला. जाडी बरोबर जुळली, पण माझ्या स्क्रूच्या आट्यांना तो शेजारी धरला तर दोन-तीन आट्यांनंतर दोघांच्या वाटा वेगळ्या. तिसऱ्या दुकानात आणखी एक पाव इंची मिळाला, त्याचे आटे याहून बारीक. जाडी तीच, तरी तिघं तीन तऱ्हेचे. एवढ्यात माझ्यातला बँकवाला जागा झाला. ताळमेळ लागत नाही म्हणजे कुठंतरी नोंद वेगळ्या वहीत आहे.

आट्यांची गोष्ट घाटासारखी आहे. डोंगर एकच, पाव इंच जाडीचा. त्याला वेढे घेत रस्ता वर चढतो. प्रश्न एवढाच, की एक इंच उंची चढायला वेढे किती? इंग्लंडात १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थनं पहिल्यांदा हे ठरवून दिलं. त्याच्या मोजणीत पाव इंची स्क्रूला इंचात वीस वेढे. तोवर प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीनं आटे पाडत होता आणि एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. पुढं त्याच इंग्लंडात बारीक आट्यांची मालिका आली, तिच्यात सव्वीस. अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये वेगळीच पद्धत मांडली. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा, सेलर्सचा साठ. म्हणजे वेढे जुळले तरी दरीचा उतार जुळत नाही. अमेरिकी बारीक आट्यांत पाव इंचाला अठ्ठावीस. या फरकाचा त्रास दुसऱ्या महायुद्धात फार झाला. रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं बनवायला घेतलं तेव्हा ब्रिटिश आट्यांची हत्यारं तिथं मिळेनात. कंपनीला ती स्वतःच घडवावी लागली. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्र बसून सामाईक आट्यांचा करार केला.

आणि आमचा माउझर? तो या कुठल्याच वहीत नाही. पाव इंच जाडी आणि इंचाला बावीस आटे. मेट्रिकच्या देशात बनलेली बंदूक, आणि मापं इंचांत! एकोणिसाव्या शतकात जर्मन कारखान्यांतही व्हिटवर्थचे इंची आटे सर्रास चालत, त्याची ही खूण. माउझरची नळी ॲक्शनमध्ये बसते तिथले आटेही इंचाला बारा आणि कोन व्हिटवर्थचाच पंचावन्न अंशांचा. पण बावीस हा आकडा व्हिटवर्थच्या पाव इंचातही नाही. माउझरचं आपलं स्वतःचं.

हा बावीसचा आकडा मला पुस्तकातून कळला नाही. तो सांगितला उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं, आणि तो सांगण्याआधी त्यानं मला खोटं बोलताना पकडलं.

बंदूक म्हटलं तर लोक घाबरतील म्हणून मी त्याला स्क्रू दाखवून सांगितलं होतं, "जुन्या शिवणयंत्राचा आहे." सदतीस वर्षांत कर्ज मागायला आलेल्यांची इतकी खोटी कारणं मी ऐकली आहेत, की मला निदान बरं खोटं बोलता यायला हवं होतं. त्यानं खिशातून पात्यांचं पिच गेज काढलं, एकेक पातं स्क्रूच्या आट्यांवर टेकवून उजेडाकडं धरलं आणि एका पात्याशी थांबला.

"बावीस. साहेब, ह्यो शिवनयंत्राचा न्हाई. बंदुकीचा हाय." मग स्क्रू माझ्या हातात परत ठेवून म्हणाला, "करता येतंय. पन करनार न्हाई."

त्याचं बरोबर होतं. मी घरी येऊन पुन्हा अधिनियम काढला. कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, विकणं तर सोडाच, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. आणि 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. करंगळीएवढ्या स्क्रूसाठी त्या माणसानं आपलं वर्कशॉप पणाला का लावावं? त्याच्या नकारानं मला जरा शरम वाटली आणि जरा आदरही.

मुलगा अमेरिकेत असतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो हसायला लागला. तिकडं असे स्क्रू नवे तयार मिळतात, किंमत दहा-पंधरा डॉलर, पुढच्या खेपेला सामानात टाकून आणतो म्हणाला. मी कलम १० वाचून दाखवलं: परवान्याशिवाय शस्त्र किंवा त्याचा भाग देशात आणता येत नाही. विमानतळावर कस्टमच्या साहेबापुढं मुलगा, सून आणि नात उभी आहेत आणि टेबलावर हा एक स्क्रू आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. आमच्या धंद्यात कल्पनाशक्तीचा हा एक तोटा असतो. नको म्हणालो.

राहता राहिले परवानाधारक. पहिल्या दुकानात .३१५ चा स्क्रू काढून दाखवला. ही .३१५ म्हणजे बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची शिकारी रायफल, इंग्रजांच्या ली-एनफिल्डच्या वळणाची. तिचे भाग आपल्याकडं मिळतात, पण ते माउझरच्या कामाचे नाहीत. दुकानदारानंच मग एका वयस्कर दुरुस्तीवाल्यांचा पत्ता दिला. तिथं सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

चाचांचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला परवाना आणि फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे. डब्यांत स्क्रू, कमानी, खटके. मोडीत निघालेल्या बंदुकांचे अवयव, नोंदवहीत ज्याच्या-त्याच्या नावानं लिहिलेले. माझा स्क्रू भिंगाखाली धरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पेचकस कुठला होता?"

"घरातला."

त्यांनी आपला पेचकस दाखवला. नेहमीच्या पेचकसाचं पातं टोकाकडं निमुळतं होत जातं, त्यामुळं ते खाचेत वरच्या कडांनाच टेकतं आणि जोर केला की उसळून बाहेर येतं. येताना कडा फाडतं. चाचांच्या पात्याच्या दोन्ही बाजू समांतर घासलेल्या. खाचेत तळापर्यंत आणि काठोकाठ बसणाऱ्या. प्रत्येक स्क्रूसाठी वेगळा, असे चाळीस तरी पेचकस तिथं टांगलेले होते. "तुम्ही पाचर ठोकली साहेब," ते म्हणाले. मी मान डोलावली.

डबे पालथे घालूनही माउझरचा पुढचा स्क्रू निघाला नाही. करावा लागेल, पण त्यासाठी रायफल समोर हवी, असं त्यांनी सांगितलं. फाटका स्क्रू किती वर जात होता हे त्यालाच आता सांगता येत नव्हतं. लांब झाला तर कित्येक रायफलींत तो आत बोल्टला अडतो. आखूड झाला तर मोजकेच आटे धरतात. मी विचारलं, रायफल मी आणली तर चालेल का? चालेल, कायद्यातच सोय आहे: परवानाधारकाचं लेखी अधिकारपत्र असेल तर दुसऱ्याला बंदूक दुरुस्तीसाठी नेता येते. हे ऐकून मला फार बरं वाटलं. लेखी अधिकारपत्र या विषयात मला कुणी शिकवू शकत नाही.

ही गोष्ट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. पत्राचा मसुदा मी टाईप करून ठेवला आणि पुढं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. एस.टी. बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद, चाचांचं दुकान बंद. उन्हाळा गेला, पाऊस गेला. मामांचा दर पंधरवड्याला फोन यायचा. आधी तब्येती, मग पाऊस, मग भात, आणि फोन ठेवता ठेवता, "स्क्रूचं काय?"

दिवाळीनंतर दुकान उघडल्याचं कळलं. मी अधिकारपत्र घेऊन आजऱ्याला गेलो तर मामा धुतलेलं धोतर आणि कोट घालून ओसरीवर बसलेले. "पत्र ऱ्हाऊ दे. मीच येतो." मामेभावाच्या जीपमध्ये मागं मी आणि मध्ये घोंगड्यात गुंडाळलेली रायफल, पुढं मामा, खिशात परवाना.

वाटेत ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, पण एक गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. मामांनी शेवटची शिकार १९७१ साली केली. नंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या कायद्यातही सुरुवातीला काही जनावरांसाठी शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीनं ते बंद झाले. मामांनी मधल्या काळात असा परवाना एकदाही मागितला नाही. का, ते कुणालाच सांगितलं नाही. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत रायफल घराबाहेर पडली ती निवडणुकांसाठी. निवडणूक आली की ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. त्या पावत्यांची एक फाईल मामांकडं आहे. रायफलीनं रान जेवढं पाहिलं असेल त्याहून ठाणं जास्त पाहिलं.

चाचांनी रायफल हातात घेतली, पुन्हा रिकामी असल्याची खात्री केली आणि आधी तो तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू अलगद काढून दाखवला. मागचा स्क्रू मी परत आणला होताच. दस्त्यातून लोखंड उचललं. आतल्या लाकडाला इतक्या वर्षांच्या तेलाचा काळा रंग चढला होता. मागच्या टोकाशी केसाएवढी चीर त्यांना दिसली, मला भिंगातूनही नीट दिसली नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, स्क्रू मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून पुढचा वर्षातून एकदा तपासायचा आणि मागचा नुसता बेताचा आवळायचा, असं ते मामांना सांगू लागले. मामा ऐकत होते. मग चाचांनी विचारलं, "आता वापर काय? शेत?"

"जमा करायची हाय. म्हैन्याच्या आत."

चाचांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं. "जमा करायच्या बंदुकीला नवा स्क्रू?"

"व्हय. बसवा."

पुढचा दीड तास कुणी फारसं बोललं नाही. मी मात्र आयुष्यात प्रथमच एक स्क्रू जन्माला येताना पाहिला. बावीस आट्यांची डाय बाजारात नाही, तेव्हा आटे लेथवर एकेक कापायचे. लेथच्या लांब स्क्रूला इंचाला चार आटे. त्यावरून बावीस पाडायचे म्हणजे दोनास अकराचं प्रमाण. चाचांनी पेटीतून पंचावन्न दात्यांचं चक्र काढलं आणि त्याला जोडीची चक्रं लावली. मी मनात हिशेब केला: वीसावर पंचावन्न, गुणिले चाळीसावर ऐंशी. बरोबर दोनास अकरा. सदतीस वर्षांत व्याज काढताना मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

आटे तयार झाले, पण डोकं मुद्दाम जाड ठेवलं होतं आणि खाच कच्ची. जुन्या कारागिरांच्या चांगल्या बंदुकीत स्क्रू पूर्ण आवळला की खाच नळीच्या रेषेत सरळ उभी राहते, आडवीतिडवी नाही. त्यासाठी आधी कच्च्या खाचेवर स्क्रू पूर्ण आवळायचा, डोक्यावर नळीच्या रेषेत खूण करायची, काढायचा, डोकं कानसून पातळ करायचं आणि खुणेवर पक्की खाच पाडायची. कडेला छोट्या स्क्रूसाठी कोर घ्यायची. हे चाचांनी तीन वेळा काढून-घालून केलं. शेवटी स्क्रू घासून आरशासारखा केला, पितळेच्या किसावर ठेवला आणि खाली स्टोव्ह पेटवला. पांढरं लोखंड आधी गव्हासारखं पिवळं झालं, मग तपकिरी, मग जांभळं. मामा खुर्चीवरून उठून जवळ आले. जांभळ्यातून मोरपंखी निळा उमटला त्या क्षणी चाचांनी स्क्रू चिमट्यानं उचलून तेलात टाकला.

बसवल्यावर खाच नळीच्या रेषेत उभी होती. मामांनी अंगठ्यानं ती चाचपली.

चाचांनी बिल पूर्ण लावलं, एक रुपयाही कमी नाही, आणि मला ते आवडलं. रायफलीबरोबर एक कागदाची पुडी दिली. "जुना माल परत," ते म्हणाले.

१० डिसेंबर, गुरुवारी आम्ही ठाण्यात गेलो. त्या दिवशी तिथं आणखी दोघे म्हातारे आपापल्या तिसऱ्या बंदुका घेऊन बसले होते. एकाच्या ठासणीच्या बंदुकीला अजून दसऱ्याचं कुंकू होतं. हवालदार तरुण होता. त्यानं परवाना पाहिला, क्रमांक ताडून घेतला, बोल्ट मागंपुढं करून पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, एकदम नवी ठेवलीय की!" मामा काही बोलले नाहीत. त्यांनी कोटाच्या खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"जुना स्क्रू. बंदुकीचाच हाय."

हवालदारानं पुडी उघडून तो फाटका स्क्रू पाहिला, माझ्याकडं पाहिलं. "हा पण लिहू?"

"लिवा," मामा म्हणाले.

पावती आता मामांच्या त्या फाईलमध्ये सगळ्यांत वर आहे. माउझर रायफल एक, क्रमांकासह. पट्टा एक. आणि त्याखाली, जरा वाकड्या अक्षरात: जुना स्क्रू, नग एक.